बाळू पालवणकर : एका पगारी गोलंदाजाची वाटचाल

(द्वितीय वर्ष कला)

जुन्या मुंबईतल्या हिंदू विरुद्ध युरोपियन सामन्यांचे धावफलक पाहिले, तर हिंदूंच्या बाजूला काही नावे चमत्कारिक वाटतात. पी. बाळू, पी. शिवराम, आणि पुढच्या काळात पी. गणपत व पी. विठ्ठल. ‘पी’ हे नाव आणि ‘बाळू’ हे आडनाव असावे असा प्रथमदर्शनी समज होतो. प्रत्यक्षात ‘पी’ म्हणजे पालवणकर, आणि हे चौघे सख्खे भाऊ. त्याच संघातले मुकुंद पै ‘एम. डी. पै’ म्हणून छापले जात, देवधर ‘डी. बी. देवधर’ म्हणून. म्हणजे बाकीच्यांचे आडनाव पूर्ण आणि या चार भावांचे मात्र घरी हाक मारायचे नाव पूर्ण. ही गोष्ट कोणी मुद्दाम केली असे मला म्हणायचे नाही. पण पुढे जे सांगायचे आहे त्याच्याशी ती विसंगतही नाही.

पालवणकर हे आडनाव आपल्या कोकणातले, पालवण या गावावरून आलेले. बाळूंचा जन्म मात्र धारवाडचा, १८७६ सालचा, आणि बालपण पुण्यातले. जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत होते. पुण्यात लष्कराची छावणी, छावणीत साहेब लोक, आणि साहेबांबरोबर क्रिकेट आलेच. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. कोकणातून छावणीत, गिरणीत आणि रेल्वेत गेलेल्या माणसांच्या कितीतरी कथा आपण ऐकतो. ही त्यांपैकीच एक म्हणता येईल. फरक एवढाच, की या माणसाला पगार मिळाला तो क्रिकेटच्या मैदानावर.

प्रस्तुत लेखात बाळूंच्या साऱ्या आयुष्याचा आढावा घेण्याचा हेतू नाही. त्यांनी ठिकाणे बदलली, चाकऱ्या बदलल्या, साहेबांच्या मैदानावरून हिंदूंच्या संघात, पुण्याहून मुंबईस आणि मुंबईहून विलायतेस गेले. प्रत्येक ठिकाणी त्यांच्याकडून काय घेतले गेले आणि त्यांना काय दिले गेले नाही, एवढाच हिशेब मांडायचा आहे. आज आपण ‘व्यावसायिक खेळाडू’ हा शब्द अभिमानाने वापरतो. लिलावात कोणाला किती कोटी मिळाले हे वर्गात पाठ असते. आपल्याकडच्या गावोगावच्या टेनिस-बॉल स्पर्धांतसुद्धा बाहेरगावचा खेळाडू पैसे देऊन आणला, तर त्याचा मान थोडा जास्तच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र खेळाचे पैसे घेणे ही हलकी गोष्ट होती. खेळणारा तो साहेब किंवा शेटजी, आणि पैसे घेणारा तो नोकर.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, पगार महिना ३ रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार ४ रुपये झाला. काम तेच, फक्त जास्त. खेळपट्टी तयार करायची, जाळ्या लावायच्या, टेनिसच्या कोर्टाच्या रेषा आखायच्या. याच ठिकाणी ट्रॉस नावाच्या एका साहेबाने त्यांना गोलंदाजी करायला उत्तेजन दिले, आणि साहेबांच्या लक्षात आले, की हा डावखुरा पोऱ्या चेंडूला हवा देतो, टप्पा बदलतो, आणि एकाच हालचालीतून चेंडू दोन्ही बाजूंना वळवतो.

त्या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. उंचीने ठेंगणे, पण हिंदुस्थानातल्या युरोपियनांपैकी सर्वात नाणावलेले फलंदाज. (हेच ग्रेग पुढे लष्कर सोडून रोमन कॅथलिक धर्मगुरू झाले, हे वाचून मला मोठी मौज वाटली.) ग्रेगसाहेब इतरांच्या आधी मैदानावर येत आणि तासभर एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर खेपेस आठ आणे बक्षीस, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी धरली तर हिशेब सोपा आहे. ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटला. शिक्षण घ्यायला दुसरी शाळा नव्हती. एका उत्तम फलंदाजाला रोज तासभर चेंडू टाकणे हीच बाळूंची शाळा, आणि तीत विद्यार्थ्यालाच उलट पैसे मिळत होते!

पण याच शाळेत एक विषय शिकवला जात नव्हता, तो म्हणजे फलंदाजी. पूना क्लबात शेकडो तास गोलंदाजी करूनही आपल्याला तेथे एकदाही बॅट हाती घेऊ दिली गेली नाही, असे बाळू पुढे सांगत असत. त्याचे कारण उघड आहे. उन्हात धावत येऊन चेंडू टाकणे ही मेहनत, ती नोकराने करायची. उभे राहून फटका मारणे ही ऐट, ती मालकाची. गोलंदाज आणि फलंदाज ही आज आपल्याला खेळातली दोन कामे वाटतात. तेव्हा ते दोन दर्जे होते. बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत धावांची सरासरी १४ च्या आत राहिली, त्यात या शाळेचा वाटा नसेल असे मला वाटत नाही. उलट त्यांचे धाकटे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी फलंदाज म्हणूनच नाव काढले. त्यांच्या वाट्याला रोलर आला नव्हता.

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्रिकेट क्लब होता आणि त्याला युरोपियनांना हरवायचे होते. युरोपियनांच्या दारात रोज गोलंदाजी करणारा माणूस आपल्या संघात घ्यावा की नाही, यावर हिंदूंमध्ये वाद झाला. काहींना तो हवा होता, काहींना त्याची जात चालत नव्हती. ग्रेगसाहेबांनी वर्तमानपत्रातून मत दिले, की बाळूसारखा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. ग्रेगना अस्पृश्यतेची चीड होती की सरावातला आपला प्रतिस्पर्धी सामन्यात समोर हवा होता, हे ठरवणे कठीण आहे. मला तरी दुसरे कारण अधिक खरे वाटते. चांगला फलंदाज चांगल्या गोलंदाजाची वाट पाहतो.

अखेर बाळू संघात आले. मैदानावर सर्वांनी तोच चेंडू हाताळला. बाळूंनी टाकलेला चेंडू क्षेत्ररक्षकाने अडवून पुन्हा बाळूंच्या हातात दिला, त्यात कोणाला विटाळ झाला नाही. चहाची वेळ झाली की मात्र बाकीचे दहाजण तंबूत आणि बाळू बाहेर, त्यांच्यासाठी निराळे मातीचे भांडे. जेवण निराळ्या ताटात, निराळ्या जागी. तोंड धुवायचे झाले तर मैदानाच्या एका कोपऱ्यात जायचे आणि त्यांच्याच जातीच्या कोणा नोकराने पाणी आणून घालायचे. आमचे आजोबा सांगतात, की त्यांच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी चहा प्यायचा तर हॉटेलच्या मागच्या बाजूला खुंटीवरची कपबशी स्वतः काढायची, स्वतः विसळायची आणि पुन्हा खुंटीला लावायची. त्यामुळे हे मातीचे भांडे मला पुस्तकातले वाटत नाही.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी सामने जिंकायला सुरुवात केली. सातारच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना विशेष गाजला. चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रोलर फिरवून ती कडक करून ठेवली होती असे सांगतात. बाळूंनी ७ बळी घेतले. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रोलर ओढला, त्याला रोलरची भीती ती काय! पुण्यात त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनीही जाहीरपणे त्यांची प्रशंसा केली. एरवी या दोघांचे एकमत होण्याचे प्रसंग पुण्याने फारसे पाहिलेले नाहीत.

१८९६ च्या सुमारास, प्लेगच्या दिवसांत, बाळू मुंबईस आले. मुंबईत त्या वेळी क्रिकेट हा जातवार आणि धर्मवार वाटलेला खेळ होता. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पारशांचा जिमखाना त्यानंतरचा, आणि १८९४ साली स्थापन झालेला परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना. या हिंदू जिमखान्यात बाळूंना घेताना काही गुजराती सभासदांनी हरकत घेतली. कप्तान कीर्तिकरांनी त्यांची समजूत घातली आणि बाळू आत आले. पोटासाठी त्यांनी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी धरली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. क्रिकेट येते म्हणून कचेरीत नोकरी मिळणे ही पद्धत पुढे आपल्याकडे किती रुजली हे सांगायला नको. रेल्वे, बँका आणि कारखाने यांनी कितीतरी खेळाडू पोसले. त्या परंपरेच्या अगदी आरंभी हा चांभाराचा मुलगा उभा आहे.

मुंबईच्या हिंदू जिमखान्यात बाळू आणि शिवराम इतर सभासदांबरोबर एकत्र जेवत. पुणे आणि मुंबई यांत हा मोठाच फरक. पुण्याने त्यांना खेळायला घेतले, मुंबईने खेळायला आणि जेवायलाही घेतले. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने १९०६ च्या विजयानंतर नेमकी हीच गोष्ट उचलून धरली होती.

तो विजय असा. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. हिंदूंचा दुसरा डाव १६० मध्ये आटोपला. म्हणजे युरोपियनांना जिंकण्यासाठी २१२ धावा हव्या होत्या. ते १०२ मध्ये बाद झाले आणि हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात ४१ धावांत ३ आणि दुसऱ्या डावात ३७ धावांत ५ बळी मिळवले. बंगालच्या फाळणीने देश पेटलेला होता, स्वदेशीची चळवळ जोरात होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवले, याचा आनंद किती झाला असेल याची कल्पना करता येते. पुढच्या वर्षी पारशांना घेऊन हे सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ येऊन चौरंगी झाले. मुंबईचे क्रिकेट म्हणजे हेच सामने, आणि हिंदूंची गोलंदाजी म्हणजे बाळू, असे समीकरण काही वर्षे तरी होते.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. त्यापूर्वी पारशांचे संघ १८८६ आणि १८८८ साली जाऊन आले होते. पण पारशी, हिंदू आणि मुसलमान एकत्र असा संघ हाच पहिला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे १९. संघातल्या गोलंदाजीचा मुख्य आधार बाळू, वय ३५. महाराजांची त्या वर्षी विलायतेत इतर कामे पुष्कळ होती. पंचम जॉर्ज बादशहाचा राज्यारोहण समारंभ जूनमध्येच होता. त्यामुळे ते थोडेच सामने खेळले, आणि त्यांचे खासगी चिटणीस के. एम. मिस्त्री, जे संघातले सर्वात चांगले फलंदाज, तेही महाराजांच्या दिमतीस राहिल्याने बहुतेक सामन्यांना मुकले. अशा संघाचे जे व्हायचे तेच झाले. २३ सामन्यांपैकी १५ हरले, ६ जिंकले, २ अनिर्णित राहिले.

या पडझडीत बाळूंचे आकडे पाहण्यासारखे आहेत. सर्व सामने मिळून ११४ बळी, सरासरी १८.८६. त्यांतले प्रथम श्रेणीचे सामने तेवढे धरले तर ७५ बळी, सरासरी २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लेस्टरशायरविरुद्ध संघाने पहिला कौंटी सामना जिंकला त्यात बाळूंचे दोन्ही डावांत मिळून ११ बळी. नंतर सॉमरसेटला एका गड्याने हरवले, त्यात शिवराम यांचे नाबाद शतक. हे सगळे दुखऱ्या खांद्याने, थंड आणि ओल्या हवेत, ज्या खेळपट्ट्या पूर्वी कधी पाहिल्याही नव्हत्या त्यांवर. दहा वर्षे आधी हा दौरा झाला असता तर काय घडले असते, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ चा. तेव्हा बाळू ५६ वर्षांचे होते. म्हणून आजच्या विक्रमांच्या पुस्तकांत कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही.

बाळूंची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली जात असे. दोघेही डावखुरे मंदगती गोलंदाज, वयातही फारसे अंतर नाही. ऱ्होड्सने कारकिर्दीत चार हजारांहून अधिक बळी घेतले, ही संख्या आजवर कोणालाही गाठता आलेली नाही. तुलना गोलंदाजीपुरती होती, पण मला ती आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटते. ऱ्होड्स हासुद्धा पगारी खेळाडू होता. इंग्लंडात त्या काळी क्रिकेटचे सरळ दोन वर्ग होते. पैसे न घेता खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी. धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि प्लेअरची आडनावानंतर छापत. लॉर्ड्सवर एकदा एका पगारी खेळाडूची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून ती चूक दुरुस्त करण्यात आली होती! कर्णधार मात्र जवळजवळ नेहमीच जंटलमन. यॉर्कशायरसाठी ऱ्होड्स वर्षानुवर्षे खेळला, पण अधिकृत कर्णधार कधी झाला नाही. लेन हटन हा पगारी खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला तो १९५२ साली, आणि हा जंटलमन-प्लेअर भेदच रद्द झाला तो १९६२ साली.

हे वाचल्यावर कोणी म्हणेल, की मग बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही यात जातीचा प्रश्न कुठे आला? इंग्लंडातही पगारी गोलंदाजाला ते मिळत नव्हते, आपण त्यांचाच खेळ त्यांच्याच नियमांनी खेळत होतो. हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पण मला तो पुरेसा वाटत नाही. इंग्लंडातली भिंत पैशाची होती. ऱ्होड्सने उद्या पगार सोडला असता आणि घरचे उत्पन्न असते, तर तो जंटलमन झाला असता. हिंदू जिमखान्यात बाळूंचा पगार आडवा येत होता असे म्हणावे, तर त्यांचा पगार जिमखान्याचा नव्हताच, तो रेल्वेचा होता. प्राध्यापकी, वकिली किंवा नोकरी करून खेळणारे संघात इतरही होते. शिवाय ऱ्होड्सच्या हातचे पाणी यॉर्कशायरच्या कर्णधाराला चालत होते.

१९१३ साली मुकुंद पै हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या सत्कारप्रसंगी त्यांनी स्वतःच सांगितले, की हा मान खरे तर बाळूंचा होता. पै हे ब्राह्मण. असे भर सभेत बोलायला धैर्य लागते, आणि पुढे त्यांनी ते कृतीतही दाखवले. दरम्यान बाळूंचे वय वाढत गेले, आणि १९२० साल आले.

त्या वर्षीचे चौरंगी सामने जवळ आले. कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे देण्यात आले आणि बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. देवधर मोठे खेळाडू होते यात शंका नाही. पुढे रणजी करंडकात महाराष्ट्राचे नेतृत्व त्यांनीच गाजवले. पण त्या वेळी शिवराम आणि विठ्ठल हे त्यांच्याइतकेच अनुभवी होते. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि वर्तमानपत्रात निवेदन दिले, की खेळात गुणाऐवजी जात पाहिली जात असेल तर आपण खेळणार नाही. वेळ मोठी नाजूक होती. गांधीजींच्या असहकाराची चळवळ सुरू झालेली होती आणि त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने अस्पृश्यता नाहीशी करण्याचे आवाहन ठरावात घातले. वर्तमानपत्रांतून वाद रंगला. अखेर तडजोड झाली. पै कर्णधार, बाळू उपकर्णधार, आणि दोघे भाऊ परत संघात. सामना चालू असताना पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघाचे नेतृत्व बाळूंकडे यावे. सुमारे चव्वेचाळीस वर्षांचा, १९०६ साली युरोपियनांना लोळवणारा हा गोलंदाज कर्णधार झाला तो असा, दुसऱ्याच्या सौजन्याने आणि घटकाभर.

या प्रसंगाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. पैंचा मोठेपणा, ही एक. पण त्या भावांचे निवेदन मला अधिक मोलाचे वाटते. तोपर्यंत बाळूंच्या बाजूने नेहमी दुसरे कोणी बोलले होते. ग्रेग, कीर्तिकर, रानडे, टिळक, पै. १९२० साली पालवणकर प्रथमच स्वतःसाठी बोलले, आणि तेही खेळायचे थांबवून. संप ही कामगाराची गोष्ट. पगारी गोलंदाजाच्या घराण्याला ती सुचावी हे मला अगदी योग्य वाटते.

वाद तेथे मिटला नाही. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. सामना संपल्यावर लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले. ज्या भावाला तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला गेला होता, त्याच्या धाकट्या भावाला सवर्णांनी खांद्यावर घेतले, यामध्ये साधारण पंचवीस-तीस वर्षे गेली. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. मराठीत खेळाडूने लिहिलेली इतकी जुनी आत्मचरित्रे फार नाहीत. बाळूंनी स्वतः असे पुस्तक मागे ठेवले नाही. त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते इतरांच्या लेखणीतून.

बाळूंच्या कारकिर्दीशी एक दुसरे नाव जोडलेले आहे, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. १९११ च्या दौऱ्याहून बाळू परतले तेव्हा मुंबईत अस्पृश्य समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते. आंबेडकर तेव्हा एल्फिन्स्टन महाविद्यालयात आपल्यासारखेच बी. ए. चे विद्यार्थी होते. बाळूंची सरासरी १८.८६, आणि मानपत्र लिहिणाऱ्याचे वय वीस. त्या काळी दलित तरुणाला अभिमानाने बोट दाखवावे असा, साऱ्या देशाला ठाऊक असलेला माणूस दुसरा फारसा नव्हता.

पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. १९३२ साली अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, हा प्रश्न निघाला, तेव्हा बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूला होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांची सही आहे, आणि पी. बाळू यांचीही. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाळू स्वतः फारसे उत्सुक नव्हते असे दिसते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५.

बाळू हरले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. या ठिकाणी काही मित्रांशी माझा वाद होतो. कोणी म्हणतात, की बाळूंनी ही निवडणूक लढवून आपले नाव खराब केले, काँग्रेसने त्यांना वापरून घेतले. वापरून घेतले हे मलाही मान्य आहे. पण हा माणूस आयुष्यभर वापरला गेला, पारशांकडून, साहेबांकडून, पुण्याच्या हिंदूंकडून, रेल्वेकडून, आणि प्रत्येक ठिकाणी त्याने आपले काम चोख केले. विधानसभेच्या निवडणुकीतसुद्धा ११ हजारांवर मते मिळवली. मानपत्र लिहिणारा विद्यार्थी आणि ते स्वीकारणारा गोलंदाज यांची पंचवीस वर्षांनी मतपत्रिकेवर गाठ पडावी, याला दोघांपैकी कोणाचाच दोष देता येत नाही. ज्या समाजाजवळ नावाजलेली माणसे दोनच, त्याची माणसे एकमेकांविरुद्ध उभी करणे दुसऱ्यांना फार सोपे जाते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, अशी त्यांची नोंद आहे. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यात या आकड्यांखाली त्यांचे छायाचित्र लावावे, आणि खाली ‘पी. बाळू’ न लिहिता ‘बाळू पालवणकर’ असे पूर्ण नाव लिहावे, अशी माझी क्रीडा विभागाला विनंती आहे.